दहापैकी पाऊण

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत एकाही मुलाला ग्रेसचा एक गुण दिला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे काही झालं ते यापायीच झालं. चौतीस म्हणजे चौतीस. पस्तीसला पास असेल तर त्याला मी काय करू? पोरांचे आईबाप येऊन रडत. आमच्या मुख्याध्यापिका इंदिराबाई स्वतः उठून माझ्या टेबलाशी येत आणि म्हणत, "निरुपमा, दे ने एक गुण. तुझं काय जातंय?" माझं काहीच जात नव्हतं. पण जे कमावलेलं नाही ते द्यायचं कसं, एवढाच माझा प्रश्न असे.

आता बेसबॉल. बडोद्यात बेसबॉल कुठून आला, असं आमचे पुण्याचे नातेवाईक नाक वर करून विचारतात. तो न्यू जर्सीहून आला. आमच्याकडे प्रत्येक सोसायटीत चार-पाच घरं तरी अशी असतात की मुलगा नाहीतर मुलगी तिकडे, आणि आईबाप सहा-सहा महिने नातवंडं सांभाळायला जाऊन येतात. तिकडे दुपारी दुसरं काही करण्यासारखं नसतं, म्हणून टीव्हीवर बेसबॉल बघायची सवय लागते. पूर्वी ही मंडळी येताना बदाम आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या आणत. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी बॅट आणि हातमोजे आणले आणि सगळं बिघडलं. आता हिवाळ्यात तीन संघ खेळतात. एक आमच्या गोत्री भागाचा, एक वासण्याचा आणि एक अलकापुरीचा. खेळाडू पंचावन्नच्या वरचा हवा, चेंडू मऊ हवा, आणि सामना संपल्यावर सेव-उसळ गरम हवी, एवढ्याच अटी.

आमचे कप्तान हंबीरराव. वय अडुसष्ट, मिशा त्याहून जुन्या वाटाव्यात अशा. त्यांचे आजोबा संस्थानात कुठल्याशा खात्याचे मोठे अधिकारी होते आणि त्यांना मिळालेलं चांदीचं पानदान हंबीररावांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात असे. असे म्हणते, कारण पहिल्याच वर्षी या गृहस्थांनी ते उत्साहाच्या भरात स्पर्धेचा करंडक म्हणून देऊन टाकलं. बायकोला सांगितलं, पॉलिशला दिलंय. दोन वर्षं गोत्रीच जिंकली, त्यामुळे पानदान पॉलिश होऊन परत येत राहिलं. यंदा मात्र आठ सामन्यांनंतर वासण्याचे सहा विजय होते आणि आमचे तीन.

आणि आमच्या संघात पहिल्या बेसवर, म्हणजे टोला मारून फलंदाज आधी जिथे धावतो तिथे, चेंडू झेलायला उभे राहत मुकुंदराव. म्हणजे माझे यजमान.

मुकुंदरावांनी छत्तीस वर्षं रिफायनरीत शिफ्ट केल्या. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं ते खिडकीशी बसून होते. भांडले नाहीत, चिडले नाहीत, आजारी पडले नाहीत. नुसते बसून राहिले. जेवायला काय करू विचारलं की "चालशे" म्हणत. पण काय चालशे, ते सांगत नसत. तूरडाळ चालशे, खिचडी चालशे, मी बोलले तरी चालशे आणि नाही बोलले तरी चालशे. मला मनातून भीती वाटायला लागली होती. मग हा खेळ आला, आणि शनिवारी संध्याकाळी ते दारासमोरच्या ओट्यावर बसून बुटांना पांढरं लावताना दिसू लागले. रविवारी सहाला दाढी करून तयार. मला खेळातलं काही कळत नव्हतं, पण मी त्यांच्याबरोबर कॉमन प्लॉटवर, म्हणजे सोसायटीच्या मोकळ्या मैदानावर, जाऊ लागले आणि नुसतं बसवत नाही म्हणून संघाची वही ठेवू लागले. कोणाचे टोले किती, कोणी किती झेललं, कोणाच्या हातून किती सुटलं, सगळं आखून, लाल आणि निळ्या पेनने.

ही वहीच पुढे नडली.

आमच्या स्पर्धेत एक नियम आहे, तोही न्यू जर्सीहूनच आलेला. उत्तरायणानंतरच्या, म्हणजे संक्रांतीनंतरच्या, रविवारपर्यंत दोन संघ आपसांत एकेका खेळाडूची अदलाबदल करू शकतात. पतंग उतरले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हंबीररावांचा फोन आला.

"वहिनी, तुम्ही सगळ्यांचं मूल्यमापन करून द्या. नि:पक्षपाती. कोण ठेवायचा, कोण द्यायचा, बदल्यात कोण घ्यायचा. माझ्याशिवाय कोणाला कळता कामा नये."

"आणि निकाल तुम्हाला आवडला नाही तर?"

"वहिनी, पानदान जातंय," हंबीरराव म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर कापत होता.

मी जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसले. मुकुंदराव दळण आणायला गेले होते. दहा खेळाडू, प्रत्येकाला वीस गुण. दहा मारण्याचे, दहा झेलण्याचे. उत्तर अपूर्णांकात आलं की खालच्या पावापर्यंत उतरवायचं, वर चढवायचं नाही, ही माझी जुनी पद्धत. धाव ज्याच्या टोल्यावर आली तिचं श्रेय टोला मारणाऱ्याला. इथेच मला एका गोष्टीचा विचार करावा लागला. फेकणाऱ्याचे चार चेंडू बाहेर गेले, की फलंदाज काहीही न करता चालत पहिल्या बेसवर जातो. याला ते वॉक म्हणतात. आमच्याकडे फेकणारे सत्तरीचे असल्यामुळे चेंडू बाहेर जातच असतात. आता, जो माणूस नुसता बॅट धरून उभा राहिला त्याला गुण कशाचे? उभं राहण्याचे? मी त्यासाठी वहीत रकानाच आखलेला नव्हता आणि आता आखायचं कारण मला दिसलं नाही.

हंबीररावांना अर्थातच सर्वांत जास्त गुण पडले. ते बॅट फिरवतात तेव्हा शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडतात. फलंदाजामागे बसून झेलणारा आमचा कॅचर बरा होता. भगदाड होतं ते पहिल्या बेसवर. आमच्यावर झालेल्या बावन्न धावांपैकी चोवीस तिथून सुटलेल्या. एकतीस वेळा चेंडू मुकुंदरावांकडे फेकला गेला, तेरा वेळा त्यांनी धरला. उरलेल्या वेळी ते बहुधा प्रतिपक्षाच्या धावणाऱ्याला गुडघा कसा आहे ते विचारत होते. फलंदाजीला सव्वीस वेळा आले आणि टोले दोन.

झेलणे चार. मारणे दहापैकी पाऊण. एकूण वीसपैकी पावणेपाच.

मग वाटलं, दुसऱ्या कोणाचा नवरा असता तर मी काय लिहिलं असतं? तेच लिहिलं पाहिजे. लाल पेनने शेरा लिहिला: "सुधारणेस वाव दिसत नाही. बदली करावी." खाली पर्याय लिहिले. अलकापुरीचे एक दंतवैद्य पहिल्या बेसवर चांगले होते, पण बदल्यात अलकापुरीला हंबीरराव हवे असणार. वासण्याचे बापू, रेल्वेतले निवृत्त गार्ड, काहीही झेलत. बापू सर्वोत्तम.

तेवढ्यात हंबीररावांचा पुन्हा फोन. मी आत जाऊन दार लोटून निकाल सांगितला. बाहेर आले तर मुकुंदराव पिठाचा डबा भरत होते आणि माझा चष्मा सापडेना. टेबल पाहिलं, ओटा पाहिला, देवघर पाहिलं. मग मुकुंदरावच चष्मा घेऊन आले.

"हा घे. फ्रिजवर होता."

"मग इतका वेळ दिसला नाही का तुम्हाला?" मी खेकसले.

ते पीठ सांडलेलं पुसू लागले.

अदलाबदलीची बोलणी शनिवारी चार वाजता वासण्याला ठरली. वासण्याच्या संघाच्या व्यवस्थापक कोण, तर माझ्या त्याच मुख्याध्यापिका इंदिराबाई. आता वय चौऱ्याहत्तर, दोनदा मुलीकडे न्यू जर्सीला जाऊन आलेल्या, आवाज अजून तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा. आपल्या लोकांना माणसाची देवाणघेवाण करायची म्हटलं की एकच पद्धत ठाऊक असते. त्यामुळे हंबीरराव धुतलेला झब्बा घालून आले होते, टेबलावर पोहे होते, त्यावर शेव होती, शेजारी लीलो चिवडो, आमच्याकडचा ओलसर बटाट्याचा चिवडा, होता, आणि समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेला बापू इस्त्रीचा शर्ट घालून मान खाली घालून बसले होते.

हंबीरराव खाकरले. "नाव काय आपलं?"

बापू आणि हंबीरराव वीस वर्षं एकमेकांना ओळखतात. तरी बापूंनी पूर्ण नाव सांगितलं.

"आवड कशाची?"

"झेलण्याची," बापू लाजून म्हणाले.

हंबीररावांनी खिशातून लिंबू काढून अचानक फेकलं. बापूंच्या उजव्या हातात पोह्यांची बशी होती. त्यांनी डाव्या हाताने ते वरचेवर धरलं. दुसरं लिंबू डोक्यावरून गेलं, तेही धरलं. तिसरं पायाशी. बापू वाकले, धरलं, आणि बशीतली शेवसुद्धा हलली नाही. मला अगदी भरून आलं.

"बापू, जरा चालून दाखव ने यांना," इंदिराबाई म्हणाल्या. बापू गॅलरीपर्यंत जाऊन आले. "दोन्ही गुडघे मूळचे आहेत. डॉक्टरचं सर्टिफिकेट बघायचं?"

"छे छे, विश्वास आहे," हंबीरराव म्हणाले आणि आमची बाजू मांडायला लागले. "आमचे मुकुंदराव म्हणजे स्वभावाने अगदी मोकळे. मैदानावर प्रतिपक्षाशीसुद्धा आपुलकीने..."

"पसंत आहेत," इंदिराबाई म्हणाल्या.

मी दचकून वर पाहिलं. एक साडी घ्यायची तर ही बाई तीन दुकानं पालथी घालायची आणि चौथ्यात जाऊन भाव करायची. पण माझ्या डोळ्यांसमोर ती तीन लिंबं होती.

मग यादी झाली. पांढऱ्या कागदाच्या चार कोपऱ्यांना कुंकू लावलं. इंदिराबाईंनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: वासण्याकडून बापू, स्वतःच्या हातमोज्यासह. गोत्रीकडून मुकुंदराव, शिवाय मानपान म्हणून दोन रविवारची सेव-उसळ. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. बाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली आणि मग विचारलं, "मुकुंदरावांना विचारलंत ना?"

"त्यांना काय विचारायचं? ते म्हणणार, चालशे!" हंबीरराव म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. ते हसणं मला अजून आठवतं आणि माझा मलाच राग येतो.

घरी येऊन मी काही बोलले नाही. सांगायचं काम कप्तानाचं, असं स्वतःला बजावलं. कप्तान दुसऱ्या दिवशी सकाळी शाल आणि नारळ घेऊनच कॉमन प्लॉटवर उभे. समोर बसवून सांगायचा धीर नव्हता म्हणून त्यांनी मुकुंदरावांचा जाहीर सत्कारच करून टाकला. भाषणात "वासण्याचं भाग्य थोर" असं दोनदा म्हणाले. मुकुंदरावांनी शाल घेतली, नारळ घेतला. आपली हिरवी टोपी काढली, घडी घातली आणि हंबीररावांच्या हातात दिली.

"चालशे," ते म्हणाले.

जेवताना मी म्हटलं, "वासणा काही लांब नाही."

"नाही. दहा मिनिटं."

एवढंच. वाटलं होतं, आता पुन्हा खिडकीशी बसणार. पण पुढच्या शनिवारी ते ओट्यावर बुटांना पांढरं लावत होते. लावताना गुणगुणत मात्र नव्हते. आधी गुणगुणायचे, हे ते थांबल्यावर माझ्या लक्षात आलं.

बापू आले आणि आमचा पहिला बेस म्हणजे बंद दार झालं. एकही चेंडू सुटेना. पण एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. आम्ही पूर्वी सामन्याला सहा धावा काढत असू, त्या आता दोनच होऊ लागल्या. हंबीररावांचे टोले तेवढेच, कबुतरं तेवढीच उडायची, धावा मात्र तिसऱ्या हिश्श्यावर. ते टोला मारत तेव्हा पुढे बेसवर कोणी उभंच नसे, मग धाव पुरी करायला शेवटच्या बेसवर, म्हणजे 'घरी', येणार कोण? हे मी एकतीस वर्षं गणित शिकवलेली बाई वहीत रोज बघत होते आणि कारण शोधत होते. थंडीवर ढकललं. बॅटवर ढकललं. एकदा तर सेव-उसळीवरही ढकललं.

तरी बापूंच्या जोरावर एक सामना जिंकलो, आणि अलकापुरीचे चार खेळाडू नडियादला लग्नाला गेल्यामुळे दुसरा. असे कसेबसे अंतिम सामन्याला पोचलो. समोर अर्थातच वासणा.

अंतिम सामन्याच्या आधीच्या मंगळवारी बापू पेढे घेऊन आमच्याकडे आले. हंबीरराव तिथेच चहाला बसले होते.

"गुरुवारचं तिकीट आहे," बापू म्हणाले. "न्यू जर्सी. सहा महिने. सुनेचं बाळंतपण आहे ने."

हंबीररावांच्या हातातला पेढा बशीत पडला. "तिकीट कधी काढलंत?"

"दिवाळीत."

हंबीररावांनी तिथूनच इंदिराबाईंना फोन लावला. फसवणूक, विश्वासघात, असे बरेच शब्द वापरले. बाईंचा आवाज मला खुर्चीत बसून ऐकू येत होता. "हंबीरराव, शांती राखा. तुम्ही आवड विचारलीत, नाव विचारलंत. प्रवासाचं विचारलंत? यादी काढून बघा." यादी काढून पाहिली. प्रवासाचं काहीच नव्हतं. मुकुंदराव आतून पाणी घेऊन आले आणि त्यांनी बापूंना, विमानात पायमोजे घट्ट घाला, असं प्रेमाने सांगितलं.

अंतिम सामना आमच्याच कॉमन प्लॉटवर झाला. पानदान टेबलावर रुमालाखाली ठेवलं होतं, कारण हंबीररावांची बायको सामना बघायला आली होती. मी माझ्या खुर्चीत वही उघडून बसले. वासण्याच्या बाजूला पिवळ्या टोप्या, आणि त्यांतल्या एका टोपीखाली मुकुंदराव. इंदिराबाईंनी त्यांना कुठे उभं केलं होतं? अगदी उजव्या टोकाला, कडुलिंबाच्या झाडाखाली, जिथे चेंडू कधी जातच नाही. सावलीत छान उभे होते. आणि फलंदाजीच्या क्रमात? पहिले.

मग मी पाहायला लागले. खरं तर ते सगळं आठ सामने माझ्या डोळ्यांसमोर होत होतं, पण मी लिहीत होते, पाहत नव्हते. पहिल्या डावात मुकुंदराव आले, उभे राहिले. हंबीररावांनी चेंडू फेकला, बाहेर गेला. आमचे बाकीचे सगळे असल्या चेंडूवर बॅट फिरवतात. सत्तरीला आलेल्या माणसाला बॅट हातात असून न फिरवणं फार अवघड जातं. मुकुंदराव हलले नाहीत. दुसरा बाहेर, तिसरा बाहेर, चौथा बाहेर. त्यांनी बॅट अलगद खाली ठेवली, आवाज होऊ न देता, आणि चालत पहिल्या बेसवर गेले. पुढच्या माणसाने टोला मारला, मुकुंदराव धापा टाकत घरी आले. माझ्या पद्धतीने ती धाव टोला मारणाऱ्याची. तिसऱ्या डावात पुन्हा तेच. चौथ्यात पुन्हा तेच. माझं पेन हातात तसंच राहिलं.

शेवटचा डाव. सहा-सहा बरोबरी. आमची फलंदाजी संपलेली, वासण्याचे दोन बाद, तिन्ही बेसवर माणसं उभी, आणि फलंदाजीला मुकुंदराव. आता चार चेंडू बाहेर गेले तर सगळे एकेक बेस पुढे सरकणार आणि तिसऱ्या बेसवरचा आयताच घरी येणार. हे आता मलासुद्धा कळलं होतं.

हंबीररावांच्या कपाळावरून घाम मिशीत उतरत होता. पहिला बाहेर. दुसरा आत. तिसरा बाहेर. चौथा आत. पाचवा बाहेर. तीन बाहेर, दोन आत. आता एकच चेंडू: आत गेला तर मुकुंदराव बाद, बाहेर गेला तर सामना वासण्याचा. वासण्याची सगळी माणसं ओरडायला लागली, "मारो, मुकुंदकाका, मारो!" आमची माणसं ओरडायला लागली, "मारणार नाही, त्याला मारता येत नाही!" एवढ्या आरडाओरड्यात तो माणूस उभा होता. छत्तीस वर्षं रात्रपाळीला दाबाच्या काट्याकडे बघत उभा राहिला तसाच. घाई नाही, राग नाही.

मी गोत्रीच्या संघाची वही ठेवते. गोत्रीचं मीठ नाही तरी सेव-उसळ तीन वर्षं खाल्ली आहे. तरी सांगते, मी पदराखाली मूठ आवळून मनात म्हणत होते, बाहेर जा. बाहेर जा रे बाबा.

हंबीररावांनी फेकला. चेंडू वीतभर बाहेर गेला. पंच अलकापुरीचे दंतवैद्य होते, त्यांनी हात बाजूला केला. मुकुंदरावांनी बॅट अलगद खाली ठेवली आणि चालू लागले.

पिवळ्या टोप्या उडाल्या. हंबीररावांनी आधी आकाशाकडे पाहिलं, मग बायकोकडे, कारण रुमाल निघाला होता. पुढचा संवाद मी इथे देत नाही. इंदिराबाई पानदान काखेत मारून माझ्या खुर्चीशी आल्या.

"किती दिले होतेस त्याला?"

"तुम्हाला कसं कळलं मी..."

"सतरा वर्षं तुझे तपासलेले पेपर फेरतपासणीला माझ्याकडे यायचे, निरुपमा. मुलाने उत्तर बरोबर काढलेलं असायचं, फक्त तुझ्या रीतीने नाही, म्हणून तू शून्य द्यायचीस. मी तिकडे मुलीच्या टीव्हीवर दोन सीझन बघितलेत. तिकडे असा माणूस मिळावा म्हणून पाच-पाच खेळाडू देतात. मला माहीत होतं, तुझ्या वहीत त्याला काही नसणार." त्यांनी पानदान उघडून आत वास घेतला. "यात लवंगा छान राहतील."

घरी येताना मी अ‍ॅक्टिव्हावर मागे बसले होते. पिवळी टोपी माझ्या नाकासमोर होती. घरी आल्यावर ते चहा टाकायला आत गेले आणि मी टेबलावर वही उघडली. पट्टी घेतली. पहिल्या सामन्यापासून प्रत्येक पानावर एक नवा रकाना आखला. टोलेही नाहीत आणि बादही नाही, अशा नोंदी मी रिकाम्या सोडल्या होत्या. त्या मोजत गेले. गोत्रीच्या आठ सामन्यांत मुकुंदराव सव्वीस वेळा आले होते. दोन टोले. सात वेळा बाद. उरलेल्या सतरा वेळा ते उभे राहिले होते आणि चालत गेले होते. सव्वीसपैकी एकोणीस वेळा बेसवर. हंबीररावांसकट दुसरा कोणी त्याच्या निम्म्यावरही नव्हता.

मुकुंदराव दोन कप घेऊन आले. मी वही मिटली नाही.

"अहो," मी म्हटलं, "तुमची बदली मी केली. हंबीररावांनी नाही. हे बघा, माझं अक्षर आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कसं माहीत?"

"तुझा चष्मा फ्रिजवर नव्हता. याच पानात होता. तू फोनवर गेलीस तेव्हा खूण म्हणून ठेवला असशील." त्यांनी कप माझ्यासमोर सरकवला. "साखर कमी आहे, बघ."

पाच आठवडे. पाच आठवडे हा माणूस ते पान वाचून माझ्यासमोर जेवला होता, दळण आणलं होतं, शाल खांद्यावर घेतली होती.

"मग बोलला का नाहीत? भांडायचं होतं माझ्याशी!"

"तुझं गणित चुकलेलं मी कधी बघितलं नाही, निरू. पावणेपाच वाचलं तेव्हा वाटलं, बरोबरच असणार."

मी चष्मा काढून पुसला. पुसायला बराच वेळ लागला. मग लाल पेन घेतलं. "सुधारणेस वाव दिसत नाही" यावर आडवी रेघ मारली. मारणे, दहापैकी पाऊण, यावरही मारली. दहा गुणिले एकोणीस भागिले सव्वीस. खालच्या पावापर्यंत उतरवलं. सव्वासात. झेलणे चार, ते तसेच ठेवले, कारण ते चारच होते. एकूण सव्वाअकरा.

मुकुंदराव खांद्यावरून वाकून बघत होते. टोपी अजून डोक्यावरच होती.

"यात ग्रेसचे किती?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही," मी म्हटलं. "मी कधी कोणाला दिलेले नाहीत." आणि खाली सही केली.